नवस फेडायचा कधी?

मूल आजारी पडलं की आईबापांना देव आणि डॉक्टर यांच्यातलं एक काहीतरी धरावं लागतं, अशी समजूत लांबून बघणाऱ्यांची असते. परळला कॅन्सरच्या टाटा हॉस्पिटलच्या आसपास थोडं वावरलं की दिसतं, सुरुवातीला दोन्ही धरलेलेच असतात. एका मनगटात सलाईनची सुई, दुसऱ्या मनगटात काळा दोरा. रिपोर्टांच्या फाइलमध्ये अंगाऱ्याची पुडी. बाप प्लेटलेटसाठी रक्तदाता शोधत फिरतोय आणि आई जिन्यात बसून गावाकडच्या गुरवाला फोनवरून कौल लावायला सांगतेय. मला त्यात कधी काही विसंगत वाटलं नाही. माझ्याही घरी चंपाषष्ठीला तळी भरतात. माझ्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा मी जेजुरीच्या दिशेने हात जोडले होते आणि औषधाची एक वेळही चुकवली नव्हती.

ओढाताण सुरू होते ती पुढे, मूल बरं दिसायला लागल्यावर.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी परळला उपचारासाठी येऊन राहिलेल्या मुलांना शिकवायला जाऊ लागले. मुलं पाढे म्हणत असतात आणि दाराशी बसलेल्या आया आपसात बोलत असतात. ते बोलणं कानावर पडतंच. ‘आमचा रिपोर्ट नील आला’, म्हणजे तपासणीत रोगट पेशी सापडल्या नाहीत, हे ज्या दिवशी ऐकू येतं, त्या दिवसापासून मी त्या घराकडे जास्त लक्ष देते.

लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. तिथल्या आया त्याला सरसकट ‘एएलएल’ म्हणतात. पहिले चार-पाच आठवडे औषधांचा मारा असतो: व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅस्पराजिनेज, स्टेरॉइड आणि ‘पाठीतलं इंजेक्शन’, म्हणजे मणक्यातून दिलेलं मेथोट्रेक्सेट. मुलाचं तोंड येतं, पाय दुखतात, गाल फुगतात. स्टेरॉइडने अशी भूक लागते की रात्री दोन वाजता उठून वरणभात मागतं आणि आई स्टोव्ह पेटवते. महिनाभराने बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासतात आणि बहुतेक मुलांचा तो स्वच्छ आलेला असतो. ताप गेलेला, चेहऱ्यावर रंग आलेला, मूल मैदानात पळायला मागतं. आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर सांगतात की अजून दोन-अडीच वर्षं औषधं घ्यायची आहेत.

हे पटायला अवघड आहे. निदान होतं तेव्हा मुलाच्या अंगात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असतात. रिपोर्ट स्वच्छ आला तरी त्यातल्या शे-पाचशे कोटी सहज उरलेल्या असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सापडत नाहीत एवढंच. एका शेतकरी बापाला मी हे समजावत होते, तर त्यानेच मला मध्ये तोडलं. म्हणाला, ‘म्हणजे हरळी हो. वरनं रान साफ दिसतं, मुळी खाली असती. पहिल्या पावसाला परत वर.’ त्यानंतर इतर आईबापांना मी हीच हरळी सांगत आले आहे.

डॉक्टरांनाही ही गोष्ट मुलं गमावूनच कळली. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिल्याचं लिहून प्रसिद्ध केलं. त्यातली १० मुलं सुधारली. जी अंथरुणाला खिळलेली होती ती उठून चालू लागली. त्याआधी या आजारात औषधाने असं होताना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि मग काही महिन्यांत आजार परतला. आज आपली आजी-मावशी ज्याला चमत्कार म्हणते, त्या चमत्काराला बॉस्टनच्या त्या डॉक्टरांनी तोंडावर पाहिलं होतं, त्याला हुरळून न जाता मोजलं होतं, आणि तो टिकत नाही हे लिहून ठेवलं होतं. पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळी धडपड एकाच गोष्टीची होती: बरं दिसणारं मूल बरं राहील कसं? एका औषधाऐवजी अनेक औषधं एकत्र, मेंदूत लपलेल्या पेशींसाठी वेगळा उपचार, आणि रिपोर्ट स्वच्छ आल्यावरही लांबवर चालणारा ‘मेंटेनन्स’. जिथे ही सगळी औषधं वेळेवर मिळतात आणि शेवटपर्यंत घेतली जातात, अशा श्रीमंत देशांत आता दहातली नऊ मुलं वाचतात.

यातला एक धागा थेट परळचा आहे. अमिनोप्टेरिन आणि त्याचा भाऊ मेथोट्रेक्सेट ही औषधं पेशींच्या वाढीला लागणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडला अडवतात. हे औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आणि फॉलिक अ‍ॅसिडचा पहिला माग लागला तो आपल्या मुंबईत. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करायला इथे आल्या. यीस्टच्या अर्काने या बायकांचं रक्त सुधारतं हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखू आलेलं फॉलिक अ‍ॅसिड. त्यांचं काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून चालायचं. आज तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेणारी मुलं राहतात. गिरणगावातल्या त्या अशक्त बायकांचं या मुलांवर ऋण आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

आता एका आजीबद्दल. तुळजापूरकडचं कुटुंब, नवसाने झालेला नातू, वय चारच्या आतबाहेर. नवसाचा म्हणून जावळ राखलेलं. पाच वर्षांचा झाला की तुळजाभवानी आईच्या दारात नेऊन जावळ द्यायचं, असं आजीने बोलून ठेवलेलं. केस खांद्यापर्यंत आलेले, आजी रोज तेल लावून दोन वेण्या घालायची. केमो सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते गळायला लागले. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, मुलाच्या आईने ऐकलं होतं, आजीच्या मात्र ते ध्यानीमनीही नव्हतं.

मी गेले तेव्हा आजी उशीवरून एकेक केस वेचत होती. चोळीच्या हिरव्या खणाचा तुकडा मांडीवर पसरलेला, त्यावर केसांची लहानशी गुंडाळी. खिडकीचा पंखा बंद केलेला, केस उडू नयेत म्हणून. मुंबईतला मे महिना आणि घामाने निथळणारी म्हातारी. मला म्हणाली, ‘बाई, हे आईचं हाय. माझं न्हाई, ह्या पोराचं बी न्हाई. तिचं तिला द्यायच्या आधीच गळालं. आता ती काय म्हणंल?’

या प्रश्नाला ‘केस परत येतात हो’ हे उत्तर नाही. तिला ते ठाऊक होतं. तिच्या दृष्टीने एका ठेवीची अफरातफर झाली होती आणि ठेव ठेवणारी देवी होती. आजार बळावला तर त्याचं कारण तिच्या मनात आधीच तयार होतं, आणि ते कारण केमो हेच होतं. तिच्याशी पेशींबद्दल कितीही बोलले असते तरी ते तिच्या भीतीपर्यंत पोचलं नसतं.

महिन्याभराने रिपोर्ट नील आला. मग गावाकडून फोनवर फोन. आई पावली. आता उशीर नको. लेकराला घेऊन या, गोंधळ घालू, परडी भरू, खणातलं जावळ पायाशी घालू. आजीने सामान बांधायला घेतलं. पोराची पुढची तारीख चार दिवसांवर होती. मुलाची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, सासूबाई म्हणत्यात, देवीनं बरं केलेल्या लेकराला पुन्हा विष पाजायचं म्हणजे तिच्या तोंडावर तिला खोटं पाडल्यागत आहे. मी काय बोलू?’

बिनतोड युक्तिवाद होता तो. देवीने बरं केलं असेल, तर औषध चालू ठेवणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. शिवाय फेडायला उशीर झालेला नवस अंगावर येतो ही भीती आपल्याकडे किती खोल आहे ते मला बाहेरच्या कुणी सांगायला नको. माझ्या सासरी एका नवसाचं तोरण राहून गेलं म्हणून तीन पिढ्यांच्या दुखण्यांचा हिशेब त्या तोरणाशी लावतात.

मी आजीजवळ बसले आणि नवस कसा बोलली होती ते विचारलं. अगदी शब्दन् शब्द. ती म्हणाली, ‘आई, माझा नातू बरा होऊ दे, तुझ्या दारात आणून घालीन.’ मी विचारलं, ‘बरा झाला का?’ ती म्हणाली, ‘झाला की.’ मी म्हटलं, ‘डॉक्टर म्हणतात, अर्धा झाला. अर्ध्यावर नवस फेडला तर चालतो का?’ आजी बराच वेळ बोलली नाही. मग तिने सुनेला तुळजापूरच्या भोप्यांना फोन लावायला सांगितला. तिने स्वतः विचारलं, मी मध्ये पडले नाही. पलीकडून काय उत्तर आलं ते मला अर्धवटच ऐकू आलं, पण फोन ठेवल्यावर आजीने जावळाचा खण एका डब्यात घालून देव्हाऱ्यातल्या फोटोमागे ठेवला आणि सुनेला म्हणाली, ‘शेवटची गोळी कधी हाय ते त्या वहीत बघ.’

ते कुटुंब राहिलं. सगळी राहत नाहीत. दुसऱ्या एका घरचा फोन असाच नील रिपोर्टनंतर बंद लागू लागला. समाजसेविका दर आठवड्याला फोन करायची, गावच्या आशाताईंनाही निरोप गेला. बरेच महिने गेल्यावर ते लोक परतले तेव्हा आजार परतलेला होता, आणि परतलेला आजार पहिल्या औषधांना पूर्वीसारखी दाद देत नाही. ती मुलगी गेली. माझ्याकडे तिची बेरजेची वही आहे.

अशा आईबापांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते खोटं आहे. दोन-अडीच वर्षं मुंबईत राहायचं म्हणजे काय ते बघा. बापाची मजुरी गेलेली, जनावरं विकलेली, गावाकडे ठेवलेलं दुसरं लेकरू आजीकडे वाढतंय, नातलग आता फोन उचलत नाहीत. हे सगळं संपवायची वाट घरातला प्रत्येकजण मनातून शोधत असतो आणि ‘पैसे संपले, जीव थकला’ असं तोंडाने म्हणायची सोय आईबापांना नसते. ‘देवाने बरं केलं’ हे मान खाली न घालता घरी परतता येईल असं एकमेव कारण उरतं. मला वाटतं, श्रद्धेपायी उपचार सोडला असं आपण ज्याला म्हणतो, त्यातल्या कितीतरी वेळा थकव्याने देवाचं नाव घेतलेलं असतं. म्हणून अशा घराला विवेकाच्या चार गोष्टी सुनावण्याआधी त्यांच्या राहण्याची, जेवणाची, दुसऱ्या लेकराच्या शाळेची सोय झाली आहे का ते विचारावं. ती झाली की देवीही थांबायला तयार होते, हे मी पाहिलं आहे.

या घरांच्या थकव्यावर जगणारे जे लोक आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात जराही दया नाही. रिपोर्ट नील आला की हे कुठून तरी उगवतात. कुणी भस्म देतो, कुणी ‘केमो बंद केल्याशिवाय माझं औषध लागू पडणार नाही’ असं सांगतो. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी मोबाइलवर त्या रोज येतात. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर, जादूटोणाविरोधी कायदा आला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. आजीचा नवस या कायद्यात बसत नाही आणि बसूही नये. भस्मवाल्याला मात्र पोलिसांकडे न्यायलाच हवं, आणि ते सहसा कुणी नेत नाही, कारण तोवर घरात सुतक असतं.

सदाफुलीबद्दलही इथेच सांगते. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आपल्या दारातल्या सदाफुलीपासून मिळतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी गॅलरीतल्या कुंडीसमोर जाऊन उभी राहिले होते. आजीला सांगितलं तेव्हा तिलाही केमो जरा कमी परका वाटला, कारण ही फुलं ती रोज देवाला वाहायची. पण सदाफुलीची पानं चावून कॅन्सर जातो असे जे निरोप फिरतात ते घातक आहेत. ढीगभर वाळक्या पानांतून जेमतेम कणभर औषध निघतं, आणि त्याच पानांत इतर विषारी द्रव्यंही असतात.

आणि ज्यांचे ‘काउंट’ पडलेत, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी (न्यूट्रोफिल) पाचशेच्या खाली आहेत, अशा मुलांना यात्रेच्या गर्दीत, नदीच्या पाण्यात नेऊ नका. हात जोडायचे ते खोलीतून जोडा. अंगारा कपाळाला लावा, तोंडात घालू नका.

धर्माच्या बाजूने बोलायचं तर आपल्याकडे याचं उत्तर फार आधी देऊन झालं आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सरचे कितीतरी पेशंट तिथे राहून टाटाला जातात. जे. जे. हॉस्पिटलच्या पेशंटांच्या नातलगांसाठीही बाबांनी धर्मशाळा उभी केली. गावोगाव हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या या माणसाचा एकुलता एक मुलगा, गोविंदा, १९२३ साली पिसाळलेला कुत्रा चावून गेला. निरोप आला तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. मुलगा गेलेल्या त्या बापाने पुढची तीस वर्षं लोकांना नवसाची बकरी कापू नका म्हणून सांगितलं आणि आजाऱ्यांसाठी छप्परं बांधली. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी याच ओळीत अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार असं लिहिलेलं आहे, आणि शेवटी म्हटलं आहे की हाच आजचा रोकडा धर्म, हीच खरी भक्ती. औषध हा भक्तीचा भाग आहे हे सांगायला मला कुणा डॉक्टरची गरज पडत नाही. बाबांची पाटी पुरते.

नवसाचंही तसंच. अमेरिकेत डॅनी थॉमस नावाच्या नटाने उमेदवारीच्या हलाखीत संत ज्यूडला नवस केला होता: मला वाट दाखव, तुझं देऊळ बांधीन. हा संत म्हणजे हताश झालेल्यांचा वाली. थॉमसला यश मिळालं आणि त्याने नवस फेडला तो मुलांचं हॉस्पिटल बांधून. मेम्फिसमधलं हे सेंट ज्यूड १९६२ साली सुरू झालं आणि तिथेच डोनाल्ड पिंकेल या डॉक्टरांनी त्या लांबलचक उपचाराची घडी बसवली. वर ज्या मेंटेनन्सबद्दल लिहिलं, ज्याला कंटाळून माणसं गावाला निघून जातात, तो एका नवसाच्या इमारतीत तयार झाला आहे. परळला आज त्याच संताच्या नावाने मुलांसाठी घरं चालतात आणि तिथल्या भिंतीवर विठोबाचं, मक्केचं, येशूचं चित्र शेजारी शेजारी असतं, जसं ज्या घराने आणलं असेल तसं.

प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या मंदिरातून गरीब पेशंटना उपचारासाठी मदत मिळते. परळचे आईबाप तिथे अर्ज घेऊन जातात आणि जाता जाता दर्शनही घेतात. भक्तांनी पेटीत टाकलेल्या पैशातून पोराचं औषध येतं. देव आणि औषध यांच्यात भांडण आहे असं मग कुणाला सांगायचं?

म्हणून माझं मागणं डॉक्टरांकडे कमी आणि देवळांकडे जास्त आहे. तुळजापूर, जेजुरी, पंढरपूर, कोल्हापूर, आमच्या कोकणातली लहानमोठी देवस्थानं, या सगळ्या ठिकाणी केस गेलेलं, तोंडाला मास्क लावलेलं मूल कडेवर घेऊन कुणी नवस फेडायला येतं. गुरवांनी, भोप्यांनी, पुजाऱ्यांनी त्या आईला एवढंच विचारावं: लेकराची औषधं पुरी झाली का? झाली असली तर गोंधळ घाला, तळी भरा, मी स्वतः भंडारा उधळायला येईन. ‘अजून चालू आहेत’ असं उत्तर आलं तर ओटी भरून घ्या, अंगारा द्या, पुढची तारीख विचारा, आणि त्या तारखेच्या आत त्यांना मुंबईच्या गाडीत बसवून द्या.